स्टॉपवॉच

वडलांना इंग्रजीचा गंध नाही,
म्हणून तेच माझे परीक्षक.
कुताइसीच्या तालमीत तेवीस वर्षं वस्ताद होते.
निवृत्त झाले तेव्हा चटया तिथेच राहिल्या,
स्टॉपवॉच तेवढं खिशातून घरी आलं.
आता ते जेवणाच्या टेबलावर असतं,
मिठाच्या बरणीला टेकून.

कार्डं मीच लिहिली आहेत:
वाक्यं इंग्रजी, अक्षरं आमची,
द्राक्षवेलीच्या ताण्यांसारखी गोल गोल.
चष्मा कपाळावर सरकवून ते वाचतात,
अर्थाला कुठेही धक्का न लावता.
एक मिनिट विचाराला.
मग अंगठा. खट्.

मी बोलते
न पाहिलेल्या समुद्राबद्दल,
न घेतलेल्या सुट्टीबद्दल.
पर्यावरणावर माझं ठाम मत असतं,
दोन मिनिटांपुरतं.
मी अडखळले की ते ओरडतात, ‘खांदा! खांदा!’
शब्द सापडत नाही म्हणजे
कुठेतरी पकड सुटली असणार,
एवढंच त्यांना कळतं.

कॉर्कच्या इस्पितळाला नर्स हवी आहे,
पण साताच्या खाली नको.
मागच्या खेपेला मला साडेसहा.
त्या अर्ध्यात
छपराचे पत्रे आहेत, झुझुनाचं कर्ज आहे,
आणि देदाचं परत येणं.

माझी खोड एकच.
आमच्या भाषेत तो आणि ती
एकाच शब्दात राहतात, कुरकुर न करता.
इंग्रजीत शिरताना त्यांना वेगळं करायचं असतं,
आणि मी विसरते.
माझ्या इंग्रजीत शेजारची झुझुना
दाढी करून बाजारात जाते.

गुरुवारी वडलांनी एक कार्ड ओढलं.
ज्याची आठवण येते अशा माणसाबद्दल सांगा.
त्यांनी ते वाचलं
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं.
खिडकीबाहेर रिओनी
पांढऱ्या दगडांवरून कुठल्याशा कामाला निघालेली.
खट्.

देदा म्हणजे आई.
सोळा वर्षं ती इटलीत, बारी नावाच्या गावात,
एका परक्या म्हातारीला अंघोळ घालते.
घरात हा विषय निघत नाही.
पण इंग्रजीत भिंतींना कान नसतात.
मी सुरुवात केली, माय मामा.
गेली, असं म्हणायचं होतं.
म्हणाले, मामा गेला.
मी आठ वर्षांची होते तेव्हा मामा गेला.
मामा पैसे पाठवतो.
त्याच्या हातांची सालं निघाली आहेत, ब्लीचने.
फोनवर तो हसतो तेव्हा
मागे कुणीतरी त्याला हाक मारत असतं.
तो माझी वेणी घालायचा

आणि इथे मी थबकले,
कारण ही चूक नव्हती.
वेणी खरंच तोच घालायचा,
पैलवानी बोटांनी, इतकी घट्ट
की शाळेत दिवसभर माझ्या भुवया
आश्चर्यात असायच्या.

खांदा, असं कुणी ओरडलं नाही.

आमच्यात मामा म्हणजे बाप.
सगळं धबाबा इंग्रजी कोसळताना
त्यांच्या हाती लागला असेल तो हा एकच शब्द,
पुन्हा पुन्हा.
मी बोलत राहिले.
त्याला चाकवतही नीट निवडता येत नव्हता, म्हणाले.
तो नाताळात आला नाही.
त्याने मला कधी उशीर होऊ दिला नाही.
कोण कोण होतं त्या वाक्यांत,
मलाच सांगता येणार नाही.

घड्याळात दोन मिनिटं झाली.
अंगठा बटणावर होता, पण दाबला नव्हता.
दोन चाळीस.
तीन दहा.
शेवटी इंग्रजीच संपली माझी.

वडील खाकरले.
‘आज पकड चांगली होती,’ म्हणाले.
कार्ड गठ्ठ्यात परत गेलं नाही,
मिठाच्या बरणीखाली गेलं.

शनिवारी तिब्लिसीत खरी परीक्षा.
तिथली बाई दोन मिनिटांवर थँक्यू म्हणणार,
अर्धं वाक्य माझ्या तोंडात असताना,
आणि प्रत्येक ‘तो’ मोजणार.
मी वही काढली, चुका उतरवायला बसले.
पहिल्याच ओळीवर पेन टेकून राहिलं.

दिवा मालवता मालवता ते दारातून म्हणाले,
‘उद्या तेच कार्ड पुन्हा घेऊ, पिक्रिया.
त्यात तू अजून कच्ची आहेस.’